वृद्धांचें स्नान : टब घ्यावा कीं न्हाणी सुधारावी ?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याचे वडील आमच्या घरीं आले. त्यांच्या हातांत न्हाणीघराच्या सामानाचें एक रंगीत चित्रांचें पुस्तक होतें. तें आमच्यापुढें ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, आईचे गुडघे आतां कामांतून गेले. धाकट्यानें परदेशांतून पैसे पाठविले आहेत आणि आईसाठीं चांगला टब बसवा असें कळविलें आहे. यांतला कोणता घ्यावा, तेवढें आपण सांगा." आम्हीं पुस्तक चाळलें. चित्रांतील सर्व वृद्ध पांढऱ्याशुभ्र टबांत बसून हंसत होते. त्यांतील एकालाहि टबांत शिरतांना किंवा टबांतून बाहेर येतांना दाखविलें नव्हतें, आणि खरी अडचण तर नेमकी तेथेंच असते.

त्या गृहस्थांस आम्हीं चार दिवसांनीं उत्तर दिलें. तें इतरांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें विस्तारानें लिहीत आहों. आष्टीस काय, किंवा तळेगांव, आर्वी, कारंजा या आसपासच्या गांवीं काय, ज्यांत एकहि वृद्ध माणूस नाहीं असें घर विरळाच सांपडेल. कमावतीं मुलें नागपूर-पुण्यास किंवा समुद्रापार असल्यामुळें त्या वृद्धांकडे पाहण्याचें काम पुष्कळदां शाळेंत जाणाऱ्या नातवंडांकडेच येतें. म्हणून पालकांइतकेंच आमच्या विद्यार्थ्यांनींहि हें वाचावें अशी आमची इच्छा आहे.

वृद्ध माणूस न्हाणींत पडण्याच्या पुष्कळ आधीं त्याचें स्नान सुटूं लागतें, आणि तें कां सुटतें हें तो कोणास सांगत नाहीं. आमच्या घरींच हें घडलें. आमच्या आजीनें जन्मभर स्नानावांचून तोंडांत घांस घेतला नव्हता. एका हिंवाळ्यांत मात्र, "आज अंगांत कसर आहे", "पाणी फार गार आहे", "उद्यां एकादशी, उद्यांच न्हाईन", अशा सबबी ती सांगूं लागली. हा वार्धक्याचा आळस, असें आम्हीं समजलों. पुढें एके दिवशीं ती न्हाणीच्या दाराची चौकट दोन्ही हातांनीं घट्ट धरून उभी असलेली आमच्या दृष्टीस पडली. तिचा पाय पुढें पडत नव्हता. तिला भय वाटत होतें, आणि तें मुलासुनेपाशीं बोलून दाखविण्याची लाज वाटत होती. घरांत अशा सबबी ऐकूं येऊं लागल्या म्हणजे औषधाच्या बाटलीकडे वळण्यापूर्वीं न्हाणीकडे एकदां पाहून यावें, असें आम्ही त्या दिवसापासून सर्वांस सांगत आलों आहों.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांतील बेथेस्दा नांवाच्या तळ्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. पांच पडव्यांच्या त्या तळ्याकांठीं ३८ वर्षें दुखणाईत असलेला एक मनुष्य पडून होता. पाणी त्याच्या डोळ्यांसमोर होतें. परंतु तें हाललें म्हणजे त्यांत उतरविणारें त्याला कोणी नव्हतें, आणि तो सरकत जाईपर्यंत दुसराच कोणी आधीं उतरून जाई. तळ्यास पाणी भरपूर होतें; अडत होतें तें कांठापासून पाण्यापर्यंतच्या चार पावलांवर. टब निवडणाऱ्यानें याच चार पावलांचा हिशेब प्रथम करावा.

साध्या टबाची कड जमिनीपासून साधारणपणें १५ ते २० इंच उंच असते. ती ओलांडतांना शरीराचा सर्व भार क्षणभर एकाच पायावर येतो, आणि तो पायहि ओल्या फरशीवर असतो. दुसरा पाय आंत टाकला कीं तो गुळगुळीत तळावर पडतो. त्यानंतर जवळजवळ जमिनीच्याच पातळीवर बसावें लागतें. उठणें तर त्याहून बिकट. आपण खुर्चीवरून उठतों तेव्हां पाय नकळत शरीराखालीं ओढून घेतों व मग भार पुढें टाकतों. टबांत पाय लांब पसरलेले असतात, ते ओढून घेण्यास धड जागा नसते, आणि हात टेकावे तर कड निसरडी. तेव्हां ज्या माणसास पाटावरून आपलें आपण उठवत नाहीं, त्यास साध्या टबांतून उठवणारच नाहीं. दुकानदार कांहींहि सांगो, ही परीक्षा पुरेशी आहे. ती घरीं, कोरड्या जमिनीवर, एका मिनिटांत होते.

दुकानांत दुसरा एक प्रकार मिळतो. त्यास एका बाजूनें दार असतें व आंत खुर्चीएवढ्या उंचीची बैठक असते. वृद्धांसाठीं म्हणून जाहिराती होतात त्या मुख्यत्वें याच टबाच्या. दारास कांहीं इंचांचा उंबरठा असतोच. परंतु पाय कडेवरून टाकण्याचा प्रसंग टळतो, ही गोष्ट खरी. तथापि एक अडचण चित्रांत दिसत नाहीं. दार लावल्याखेरीज पाणी सोडतां येत नाहीं, आणि पाणी वाहून गेल्याखेरीज दार उघडतां येत नाहीं. म्हणजे टब भरेपर्यंत त्या वृद्धानें उघड्या अंगानें रिकाम्या टबांत बसावयाचें, आणि स्नान झाल्यावर टब रिकामा होईपर्यंत ओल्या अंगानें थांबावयाचें. पौष-माघांतल्या आमच्या सकाळी ज्यांनीं अनुभविल्या आहेत त्यांस याहून अधिक सांगणें नको.

असा टब घ्यावयाचाच झाला तर दार कोणत्या बाजूस उघडतें हें आधीं पाहावें. आंत उघडणारें दार पाण्याच्या दाबानेंच घट्ट बसतें व गळत नाहीं. परंतु आंतील माणसास घेरी आली आणि तें दारावर कललें, तर बाहेरच्यास दार उघडणें कठीण. बाहेर उघडणाऱ्या दाराची सर्व भिस्त कडीवर व रबरी पट्टीवर असते, पण मदतीस धांवणाऱ्याचा हात आंत पोंचतो. आम्ही बाहेर उघडणारें दार पसंत करूं. मात्र तें पुरतें उघडण्याइतकी मोकळी जागा न्हाणीघरांत आहे काय, आणि ती रबरी पट्टी झिजली तर बदलून द्यावयास कोण व कोठून येणार, हे दोन प्रश्न पैसे देण्यापूर्वीं विचारावे. शिवाय ज्याच्यासाठीं टब घ्यावयाचा त्याला दुकानांत नेऊन, अंगावरचे कपडे तसेच ठेवून, कोरड्या टबांत दोनदां बसवून उठवून पाहावें. लुगडें घेतांना आपण पदर उलगडून पाहतों, आणि टब मात्र चित्रावरून घेतों !

आतां पाण्याचा हिशेब. हा गणिताच्या तासाचा विषय असल्यामुळें विद्यार्थ्यांनीं तो स्वतः करून पाहावा. टबास साधारण १५० लिटर पाणी लागतें असें धरूं; आमच्या बादलीस १५ ते २० लिटर पुरतें. नळाचें पाणी २० अंश उष्णतेचें आहे व तें ४० अंशांपर्यंत तापवावयाचें आहे. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणून टबास ३००० किलोकॅलरी, म्हणजे विजेचीं सुमारें साडेतीन युनिटें लागतील. २० लिटरच्या बादलीस अर्ध्या युनिटाहूनहि किंचित् कमी लागतें. घरोघरीं आढळणारा १५ लिटरचा गीझर ६० अंशांपर्यंत तापविला, तर त्यांत तितकेंच थंड पाणी मिसळून ४० अंशांचें ३० लिटर पाणी मिळतें. म्हणजे त्याच्या एका भरतींत टबाचा पांचवा हिस्सा भरतो. बाकीचें पाणी तापेपर्यंत पहिलें निवून जातें. वजनाचेंहि असेंच. १५० लिटर पाण्याचें वजन १५० किलो, त्यांत टबाचें व माणसाचें वजन मिळविलें म्हणजे बेरीज अडीच क्विंटलांच्या घरांत जाते. जुन्या घराच्या माडीवर टब बसविण्याचा बेत करणाऱ्यानें खालच्या तुळयांकडे आधीं पाहावें. आणि जेथें नळ ठराविक वेळींच येतो व उन्हाळ्यांत विहिरीचा तळ दिसूं लागतो, तेथें रोज १५० लिटर पाणी एका स्नानास ओतणें घरांतील वृद्धांच्याच जिवावर येईल. तीं माणसें पाणी जपत वाढलेलीं आहेत.

टब हा पदार्थ आमच्या जिल्ह्यास अगदींच नवा नाहीं. १९३६ सालीं गांधीजी वर्ध्याजवळील शेगांवीं राहावयास आले; त्याच गांवाचें पुढें सेवाग्राम झालें. जर्मनीच्या लुई कूने याच्या पद्धतीचें कटिस्नान ते घेत व इतरांसहि सुचवीत. त्या टबांत पाणी कंबरेपुरतें असतें आणि पाय बाहेर राहतात. १९४६ सालीं पुण्याजवळ उरुळीकांचन येथें निघालेल्या निसर्गोपचार आश्रमासारख्या संस्थांमधून ज्यांनीं असे टब पाहिले आहेत, ते कधीं कधीं विचारतात कीं हाच आखूड टब म्हाताऱ्यांस कां नसावा ? याचें उत्तर असें कीं तो उपचारासाठीं आहे, रोजच्या अंघोळीसाठीं नव्हे; आणि त्यांत पाठमोरें होऊन खोल बसावें लागतें, तेंच गुडघे गेलेल्या माणसास साधत नाहीं.

टबावर जपानी लोकांइतकें प्रेम करणारे लोक थोडे. परंतु तेसुद्धां अंग धुतात तें टबाबाहेर, लहानशा बैठकीवर बसून, आमच्याच सारखें. टबांत उतरतात तें धुऊन झाल्यावर, शेक घेण्यापुरतें. तेथेंहि हिंवाळ्यांत वृद्ध माणसें टबांत बेशुद्ध होऊन दगावतात ही मोठ्या काळजीची गोष्ट होऊन बसली आहे. गार खोलींतून एकदम कढत पाण्यांत गेल्यानें रक्ताचा दाब वरखालीं होतो, आणि पाण्यांतून झटकन उठल्यास घेरी येते. म्हणून पाणी ४१ अंशांहून अधिक नसावें व टबांत १० मिनिटांहून अधिक बसूं नये, अशी सूचना तेथील सरकारी खात्याकडून दिली जाते. जे वृद्ध अंथरुणास खिळले आहेत त्यांच्या घरीं टबच गाडींतून नेतात. बरोबर परिचारिका व मदतनीस असतात. २००० सालीं तेथें वृद्धांच्या शुश्रूषेसाठीं विमा योजना सुरू झाली, तींत या कामाचा समावेश आहे. ही व्यवस्था आमच्याकडे होईल तेव्हां होवो. तोंवर आपल्या न्हाणीचाच विचार केला पाहिजे.

आणि न्हाणी ही कांहीं कमी प्रतीची वस्तु नव्हे. मोहेंजोदारो येथील सुमारें १२ मीटर लांब व ७ मीटर रुंद असें मोठें स्नानकुंड प्रसिद्धच आहे. परंतु तेथील घराघरांतून विटांनीं बांधलेल्या, उतार दिलेल्या व मोरी काढलेल्या न्हाण्या निघाल्या आहेत, त्या आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात. बसून, अंगावर पाणी घेऊन स्नान करण्याची रीत वृद्धांस सर्वांत सोयीची आहे. तींत चूक एकच, ती म्हणजे बैठक फार ठेंगणी. पाटावरून उठतांना गुडघा पुरता दुमडलेला असतो, आणि तो जितका अधिक दुमडलेला तितका मांडीस अधिक जोर लावावा लागतो. अमेरिकेंत अपंगांच्या सोयीसाठीं बांधकामाचे जे नियम आहेत त्यांत स्नानाच्या बैठकीची उंची १७ ते १९ इंच सांगितली आहे, म्हणजे आमच्या साध्या खुर्चीएवढी. तेव्हां टबापूर्वीं खुर्ची घ्यावी. तिला पाठ असावी, दोन्ही बाजूंस हात असावे, पायांस रबरी टोपणें असावीं, आणि बसण्याच्या जागीं पाणी निथळण्यास भोंकें असावीं. हलक्या प्लास्टिकची बाजारी खुर्ची ओल्या फरशीवर फांकते. ती न्हाणींत नको. पाण्याची बादलीहि जमिनीवर न ठेवतां चौरंगावर ठेवावी, म्हणजे तांब्या भरण्यास वांकावें लागत नाहीं. नळास लवचिक नळी जोडून हातांत धरावयाचा फवारा बसविला तर त्याहून बरें. एका हातानें तो धरतां येतो, आणि पक्षाघात झालेल्या माणसाजवळ कामाचा हात एकच असतो.

ज्या घरीं टब आधींपासूनच आहे त्यांनीं तो फोडून काढण्याची घाई करूं नये. दोन पाय टबाच्या आंत व दोन बाहेर अशा रीतीनें कडेवर आडवा बसणारा बाक मिळतो. बाहेरच्या अंगास बसावें, मग बसल्या बसल्याच आंत सरकून एक एक पाय उचलून घ्यावा. उभ्यानें कड ओलांडण्याचें कारण राहात नाहीं.

भिंतीस धरावयाचा दांडा हा या सर्व सामानांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. हरिद्वारच्या घाटावर यात्रेकरूंनीं धरून बुडी मारावी म्हणून साखळ्या लावलेल्या आहेत. गंगेच्या ओढींत जें काम त्या करतात तेंच न्हाणींत दांड्यानें करावयाचें. तो जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर आडवा असावा, मुठींत सहज मावावा, आणि भिंत व दांडा यांत दीड इंचाची फट असावी. फट याहून मोठी असल्यास तोल जातांना हात कोपरापर्यंत आंत जाऊन अडकतो. तो कमींत कमी ११३ किलो भार सोसणारा असावा, असें वर सांगितलेल्या नियमांत आहे. टॉवेल वाळत घालण्याच्या दांडीस हें काम सांगूं नये. आमच्याकडील मातीच्या किंवा पोकळ गिलाव्याच्या भिंतींत स्क्रू धरत नाहींत. तेथें गवंड्याकडून पक्क्या विटा व सिमेंट भरून घ्यावें, किंवा दांडा जमिनीपासून उभ्या खांबास जोडावा. आणखी एक गोष्ट आम्हांसहि उशिरां सुचली. आंत जातांना उजव्या हातास येणारा दांडा परततांना डाव्या हातास येतो. ज्याचा डावा हात लुळा आहे तो आंत सुखरूप जातो व बाहेर येतांना पडतो. म्हणून दांडे दोन्ही बाजूंस लावावे.

फरशीविषयीं थोडक्यांत सांगतों. गुळगुळीत चकचकीत फरशी काढून खरबरीत घालावी. उतार मोरीकडे असावा. साबणाचा व शेवाळाचा बुळबुळीतपणा आठवड्यांतून दोनदां घासून काढावा. हें शेवटलें काम विद्यार्थ्यांनीं आपल्याकडे घ्यावें. न्हाणीचा उंबरठा काढतां आला तर उत्तम. दिवाळीच्या अभ्यंगाचें तेल लावून न्हाणीपर्यंत चालत जाऊं नये. खुर्चीवर बसल्यावर लावावें, आणि तळपाय वगळावे.

कढत पाण्याविषयीं मात्र थोडक्यांत भागणार नाहीं. वृद्धांची कातडी पातळ होते, आणि मधुमेहानें पायांची संवेदना गेलेली असली तर पाणी भाजतें आहे हें त्यांस कळतहि नाहीं. ६० अंशांच्या पाण्यानें सुमारें पांच सेकंदांत खोल भाजतें. बादलींत नेहमीं आधीं थंड पाणी घालावें व मग गरम. उलट क्रम केला तर एखाद्या दिवशीं थंड घालण्याचें विसरतें. पाहावयाचें तें घरच्या जाणत्या माणसानें आपलें कोपर बुडवून पाहावें. विजेच्या सळईनें पाणी तापवीत असल्यास बटण बंद करून, सळई काढून बाहेर नेल्याशिवाय वृद्धांस न्हाणींत जाऊं देऊं नये.

इतकें करूनहि कांहीं वृद्धांस दुसऱ्याच्या हातानेंच स्नान घालावें लागतें, आणि तेथें टब व खुर्ची यांपेक्षां घालणाऱ्याची रीत महत्त्वाची ठरते. सेवाग्रामास परचुरेशास्त्री नांवाचे संस्कृत पंडित राहात असत. त्यांस महारोग झाला होता. गांधीजींनीं त्यांस आपल्या कुटीजवळच झोंपडी बांधून दिली व स्वतःच्या हातांनीं ते त्यांचें अंग चोळीत. ती झोंपडी आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं सहलींत पाहिली आहे. घरांत आजीस न्हाऊं घालणाऱ्या सुनेस किंवा नातीस आमचें सांगणें एवढेंच, कीं पाणी ओतण्यापूर्वीं सांगून ओतावें, जेथवर आजीचा हात पोंचतो तेथवर तिला स्वतः धुऊं द्यावें, आणि ज्या भागावर पाणी घालीत नसाल तो कोरड्या पंचानें झांकलेला ठेवावा. पंचानें ऊबहि राहते.

ज्या गृहस्थांपासून आम्हीं आरंभ केला त्यांनीं शेवटीं टब घेतला नाहीं. उंबरठा काढला, फरशी बदलली, दोन दांडे व एक खुर्ची बसविली, आणि उरलेले पैसे भावास कळवून आईच्या औषधासाठीं ठेवले. गीझर मोठा घ्यावा काय, असें त्यांनीं मागाहून विचारलें. एका खुर्चीस तो नको, असें आम्हीं सांगितलें. वाद झाला तो दाराच्या कडीवरून. आंतून कडी लावलेली असतां माणूस पडलें तर दार फोडावें लागतें, आणि दार आंत उघडणारें असलें तर तें पडलेल्या माणसावरच लोटलें जातें. म्हणून दार बाहेर उघडणारें करून कडी काढून टाकावी, असा आमचा आग्रह होता. म्हातारीस तें मुळींच मान्य नव्हतें. कडीवांचून ती न्हाणार नाहीं, असें तिनें निक्षून सांगितलें. दोन दिवसांनीं तोड निघाली ती तिच्या नातवानें काढलेली. त्यानें दाराच्या बाहेरील अंगास एक खुंटी ठोकली. आजीचें धुवट लुगडें त्या खुंटीवर दिसलें कीं घरांतील कोणीहि त्या दाराकडे फिरकत नाहीं, आणि आजीनें हांक मारली कीं दार ढकलावें लागत नाहीं, नुसतें ओढलें कीं उघडतें.